चाकात साठवलेलं ऊन

मागच्या आठवड्यात बॅटरीबद्दल लिहिलं. मग मनात येतंच: पाणी टाकायला नको, काही वर्षांनी बदलायला नको, अशी साठवण नाही का? आहे. जड, फिरतं चाक.

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर उन्हाळ्यात दिवेलागणीला बसलं, तर पायरीचा दगड अजून गरम लागतो. समोर तापी, पुराणातली सूर्यकन्या. दगडानं दिवसाचं ऊन धरून ठेवलेलं असतं. गावातल्या छतांवरच्या सोलर पॅनेलना ते जमत नाही. सूर्य मावळला की त्यांची वीज संपली.

चाकात ऊर्जा कशी राहते, हे विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या शेतकऱ्याला हातानंच कळलेलं असतं. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच डिझेल पेटतं. धूर बाहेर टाकणं, हवा ओढणं, ती दाबणं ही बाकीची कामं ते बिडाचं चाक आपल्या गतीवर ओढून नेतं. म्हणून तर हँडल मारताना आधी खटका उचलून सिलिंडरातला दाब मोकळा करायचा, चाकाला वेग द्यायचा, आणि मग खटका सोडायचा. पहिला धक्का चाक देतं. यालाच फ्लायव्हील म्हणतात.

घरच्या सोलरला हेच जोडता येईल. दिवसा मोटार चाकाला वेग देईल. रात्री चाक मोटारीला फिरवेल आणि तीच मोटार वीज देईल.

आता हिशेब मांडू. 100 किलोची, 60 सेंटिमीटर व्यासाची भरीव पोलादी चकती मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यात साधारण 62 वॅट-तास ऊर्जा राहते. 75 वॅटचा पंखा जेमतेम पन्नास मिनिटं चालेल. इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात, म्हणजे अशी 29 चाकं!

वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून सगळी ओढ वेगाकडे. पण हीच चकती दसपट वेगानं फिरवायची म्हटलं, तर तिची कड आवाजाच्या अडीचपटीहून जास्त वेगानं धावेल आणि पोलाद फाटेल. मग कार्बन फायबर हवं, हवा काढलेली बंद टाकी हवी, चाक अधांतरी धरणारे चुंबक हवेत. इतकं करूनही चाकाचा वेग हळूहळू झिजतच राहतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफनटाउनला 2011 मध्ये 200 फ्लायव्हीलचं 20 मेगावॉटचं केंद्र सुरू झालं. पूर्ण ताकदीनं वीज दिली तर ते पंधरा मिनिटांत रिकामं होतं. ग्रिडचे क्षणाक्षणाचे चढउतार सावरायला ते बांधलेलं आहे आणि त्या कामात चाकाला तोड नाही. हजारो वेळा भरा, रिकामं करा, ते बॅटरीसारखं थकत नाही. रात्र काढणं हे त्याचं काम नव्हे. घरासाठी फ्लायव्हील घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी आज स्पष्ट नाही म्हणेन.

केळीच्या बागेला पाणी देणाऱ्यानं तर एवढंच पाहावं: त्या 100 किलोच्या चाकातली ऊर्जा, गळती सोडली तर, सव्वादोन हजार लिटर पाणी 10 मीटर वर चढवते. दुपारी चढवून टाकीत ठेवलेलं ते पाणी सकाळपर्यंत तिथेच असतं. पुढच्या आठवड्यात त्या टाकीबद्दल.