तुमची गोळी, त्याची खाज

सक्करदरा तलावाजवळ चहा पिताना सटासट शिंका आल्या, की तुम्ही सेटिरिझिन घेता. बाजूला खाजवून बेजार झालेलं कुत्रं दिसतं. वाटतं, अर्धी गोळी यालाही देऊ या ना!

थांबा. अ‍ॅलर्जीत तुमच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. गोळी त्यालाच अडवते. कुत्र्याच्या खाजेत मात्र इंटरल्युकिन-३१ या प्रथिनाचा मोठा हात असतो, म्हणून ही गोळी तिथे बरेचदा फिकी पडते. उंदराच्या मास्ट पेशी तर हिस्टामिनसोबत सेरोटोनिनही सोडतात. आणि मांजर? सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारं पॅरासिटामॉल त्याचा जीव घेऊ शकतं.

जीव लावा, पण गोळी पशुवैद्याला विचारूनच द्या. आपल्या सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच की!