वाळवंटातील धरण : खेळातले आणि खरे

संगणकावरील खेळ म्हटला की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यात मारामारीपलीकडे काही नसते, अशी आमचीही समजूत होती. पण २०१० साली निघालेला ‘फॉलआऊट : न्यू व्हेगास’ हा अमेरिकन खेळ पाहिल्यावर ती थोडी बदलावी लागली. त्याची हकिगत आज सांगावयाची आहे.

खेळाची कल्पना अशी. २०७७ साली अणुयुद्ध होऊन जगाची राखरांगोळी झाली. पण नेव्हाडाच्या वाळवंटातील लास व्हेगास हे जुगाराचे शहर बव्हंशी वाचले. पुढे २२८१ साली त्यासाठी झुंज लागते. पश्चिमेकडून कॅलिफोर्नियाचे प्रजासत्ताक येते, पूर्वेकडून ॲरिझोनातील सीझरची फौज येते, आणि शहराचा धनी आपल्या यंत्रमानवांच्या बळावर दोघांनाही झुलवीत असतो. खेळणारा हा एक साधा जासूद. पण अखेरचा निकाल त्याच्या हाती.

आता मौज अशी की, भांडण जुगाराच्या अड्ड्यांसाठी नसून हूवर धरणासाठी आहे. ज्याच्या हाती धरण, त्याच्या हाती वीज आणि पाणी, आणि मग शहरही त्याचेच.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. ‘व्हेगास’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी कुरणे. झऱ्यांमुळे तेथे हिरवळ होती. १९०५ साली रेल्वे कंपनीने जमिनीचा लिलाव केला आणि गाव वसले. १९३१ साली नेव्हाडाने जुगाराला कायद्याने मुभा दिली, आणि त्याच वर्षी जवळच कोलोराडो नदीवर २२१ मीटर उंचीच्या या धरणाचे काम सुरू झाले. शहर वाढले, झरे मात्र १९६२ साली आटले. आज शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी धरणामागच्या मीड सरोवरातून येते.

अणुबाँबचेही तसेच. १९५१ पासून शहराच्या वायव्येस सुमारे शंभर किलोमीटरांवर खरेखुरे बाँब उडवून पाहिले जात, आणि धुराची ती छत्री पाहावयास प्रवासी हॉटेलांच्या गच्च्यांवर जमत.

आणि पाण्यावरून फौजा? त्याही निघाल्या होत्या. १९३४ साली खाली पार्कर धरणाचे काम अडविण्यासाठी ॲरिझोनाच्या गव्हर्नरने नदीकाठी शिपाई धाडले. कॅलिफोर्निया आपले पाणी पळविते, ही त्याची तक्रार. पुढे १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने वाटण्यांवर शिक्कामोर्तब केले. वर्षाला कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख, आणि नेव्हाडाच्या पदरात अवघे ३ लाख!

म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी नवे फारसे काही कल्पिलेच नाही. भूगोलात जे भांडण होते तेच त्यांनी उचलले, आणि न्यायालयाच्या जागी बंदूक ठेवली.

पण एक गोष्ट खेळात नाही. तेथे धरण जिंकावयाचे असते. त्यात पाणी असणारच, हे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात २०२२ च्या उन्हाळ्यात मीड सरोवराची पातळी १९३७ नंतरच्या नीचांकाला गेली. तेथे शत्रूची फौज नव्हती. होता तो दीर्घ अवर्षणाचा तडाखा, आणि नदीत येते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटून टाकण्याची जुनी चूक.

बाँबमधून वाचलेली नगरी कल्पिणे सोपे आहे. हिशेब चुकलेल्या नदीतून ती वाचविणे अवघड, आणि ते काम कोण्या एका जासुदाच्या हातचे नव्हे, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.