गाठ परत आली, यात बाईचा काय दोष?

"ताई, माझंच काहीतरी चुकलं असंल हो!" शेजारच्या वहिनी एमआरआयची पिशवी छातीशी धरून आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. भाऊजींच्या मेंदूतली गाठ काढून तीन वर्षं झाली होती. आता ती परत आली. कुणी म्हणे पथ्य मोडलं, कुणी म्हणे गुरुवारचा उपास मोडला. बोल मात्र सगळा बाईलाच!

मैत्रिणींनो, भाऊजींची गाठ 'ग्लायोमा' जातीची. ही गाठ मोठ्या माणसांत बऱ्याचदा परत येते. शेतातली हरळी आठवा. वरून कितीही उपटा, काड्या मातीत राहतातच. ग्लायोमाच्या पेशी चांगल्या मेंदूत लांबवर शिरतात, त्या एमआरआयलाही दिसत नाहीत. वाचा जाऊ नये, हातपाय लुळे पडू नयेत म्हणून सर्जनला कुठेतरी थांबावंच लागतं. उरलेल्या पेशी रेडिएशनने, औषधाने दबतात अन् पुढे डोकं वर काढतात. यात उपासाचा काय संबंध?

आणखी एक. परत आलेली गाठ आधीसारखीच असेल असं नाही. गाठींच्या 1 ते 4 ग्रेड असतात. ग्रेड 2 ची गाठ परत येताना 3 किंवा 4 ची होऊन येऊ शकते. कधी तर ती गाठच नसते! रेडिएशनने मेलेला भाग फोटोत गाठीसारखा दिसतो. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तुकडा काढून तपासायला सांगू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात तर 'आयडीएच'सारख्या जनुकांची तपासणीही महत्त्वाची मानली आहे.

मेंदूच्या आवरणावरची 'मेनिंजिओमा' मात्र बहुतेक वेळा साधी असते. पूर्ण निघाली तर परत येण्याची भीती कमी.

वहिनींच्या पिशवीत सगळे फोटो होते, पण पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक नव्हता. ब्लॉक म्हणजे गाठीचा मेणात जपलेला तुकडा. जुनी गाठ नव्या गाठीशी ताडून पाहायला तो अन् काचेच्या स्लाइड लागतात. मुंबईला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाताना सोबत न्याव्यात. आम्ही लॅबमध्ये अर्ज दिला अन् दोन्ही मिळवलं. मेणच ते, आपल्याकडच्या उन्हात सांभाळून न्या बरं!

परवा शेगाव स्टेशनवर वहिनींना गाडीत बसवून दिलं. डबीत ब्लॉक, पिशवीत रिपोर्ट. म्हणाल्या, "ताई, आता कुणी काही म्हणू द्या. मी हरळीची गोष्ट सांगीन."