सिक्स-जी आल्यावर खोल दर्यात फोन लागेल का?



31 जुलैला बंदी संपते. सध्या जेटीवर ट्रॉलरची रंगरंगोटी, जाळ्यांची दुरुस्ती चालू आहे. कामं करता करता एक प्रश्न दरवर्षी निघतोच. "आता फाय-जी आलं, उद्या सिक्स-जी येईल, मग दर्यात फोन लागणार ना?" त्याचं उत्तर शोधताना आम्ही जपानच्या डोकोमो कंपनीच्या कामाची माहिती वाचली. ती इथे सोप्या भाषेत देत आहोत.

डोकोमो हे नाव तुम्हाला नवीन नाही. 2009 मध्ये सेकंदाला एक पैसा दराने बोलायला मिळायचं, ते टाटा डोकोमोचं सिम आपल्यातल्या कित्येकांनी वापरलं आहे. त्यातली डोकोमो ती हीच.

ही कंपनी फक्त सिम विकत नाही. टोकियोजवळ योकोसुका इथे तिचं मोठं संशोधन केंद्र आहे. जगातलं पहिलं थ्रीजी तिने 1 ऑक्टोबर 2001 रोजी सुरू केलं. आपल्याकडे खासगी कंपन्यांचं थ्रीजी आलं 2010 च्या अखेरीस. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गाड्यांचं बघू. 2016 मध्ये डोकोमोने सॅमसंगबरोबर एक चाचणी घेतली. ताशी 150 किमी वेगाने धावणाऱ्या गाडीत फाय-जीवरून सेकंदाला अडीच गिगाबिटपेक्षा जास्त माहिती पोचवली. हा खटाटोप कशासाठी? पुढची गाडी एकमेकींशी आणि रस्त्याशी बोलणारी असणार आहे. ताशी 100 किमी वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर जाते. ब्रेकचा निरोप सेकंदाच्या विसाव्या भागाइतका जरी उशिरा पोचला, तरी तोवर गाडी जवळपास दीड मीटर पुढे गेलेली असते. म्हणून गाडीला निरोप झटपट पोचणं महत्त्वाचं.

आपल्या ट्रॉलरचं तसं नाही. आठ नॉटच्या वेगाला आपण सेकंदाला चार मीटरच जातो. निरोप दोन सेकंद उशिरा आला तरी आपलं फारसं बिघडत नाही. पण निरोप पोचलाच नाही तर सगळंच बिघडतं. गाडीला हवा वेग, होडीला हवी पोच. आपला प्रश्न आहे तो पोचेचा.

ही पोच कमी का पडते? पृथ्वी गोल आहे आणि मोबाईलच्या लहरी साधारण सरळ जातात. टॉवर 40 मीटर उंच आणि होडीवरचा फोन पाण्यापासून 3 मीटरवर धरला, तर हिशेबाने सुमारे 33 किमी, म्हणजे 18 सागरी मैलांच्या आसपास टॉवर क्षितिजाखाली जातो. फोनची ताकदही तुटपुंजी. त्यामुळे प्रत्यक्षात रेंज बरेचदा त्याच्या आधीच जाते. नुसतं फाय-जीचं सिक्स-जी केल्याने ही अडचण सुटत नाही. टॉवरच उंच न्यायला हवा.

डोकोमो नेमकं तेच बघते आहे. जानेवारी 2020 मध्ये तिने सिक्स-जीची आपली कल्पना लेखी मांडली. तिच्यात आकाशात 10,000 मीटरपर्यंत आणि समुद्रात 200 सागरी मैलांपर्यंत नेटवर्क न्यायचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी उपग्रह आहेतच, शिवाय सुमारे 20 किमी उंचीवर सूर्याच्या ऊर्जेवर दिवसेंदिवस उडत राहणारं बिनमाणसांचं विमान. एवढ्या उंचीवरून टॉवरला समुद्र दूरवर दिसतो. 2021 मध्ये एअरबसच्या अशा विमानातून जमिनीवर लहरी पोचतात का, याची चाचणीही झाली.

मासेमारीतही या कंपनीने हात घातला आहे. जपानच्या मियागी प्रांतात कालवं आणि समुद्री शेवाळाची शेती होते. तिथे पाण्यात सेन्सर लावलेले बोये सोडून पाण्याचं तापमान आणि खारटपणा थेट शेतकऱ्याच्या फोनवर दाखवला जातो. रोज होडी घेऊन बघायला जायला नको.

मग आपण काय करायचं? सिक्स-जी 2030 च्या आसपास येईल असं धरलं जातं. ते आधी शहरात येणार, दर्यात नंतर. थ्रीजीचा अनुभव वर सांगितलाच आहे. म्हणून 'खोल दर्यात चालणारा फाय-जी फोन' असं सांगून कोणी काही विकायला आला, तर पैसे देण्याआधी संस्थेत दाखवा.

तोपर्यंत हातात आहे त्याची किंमत ओळखा. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने एक लाख होड्यांना ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना सुरू केली. हे यंत्र इस्रोच्या तंत्रज्ञानावर उपग्रहातून चालतं. जिथे फोनची रेंज संपते, तिथेही दोन्ही बाजूंनी निरोप जातो-येतो. काही जण ते बंद करून ठेवतात. कृपया तसं करू नका. वायरलेस सेट चॅनल 16 वर चालू ठेवा.

आणि एक विनंती. दर्यात जाताना किती माणसं, कुठल्या पट्ट्यात, किती दिवस, एवढं संस्थेच्या वहीत लिहून जा. वारा सुटला की तुमच्या घरची माणसं आधी आमच्याच दारात येतात. त्यांना सांगायला आमच्याकडे काहीतरी असू द्या.

ही माहिती आपल्या तांडेलांना आणि खलाशांना वाचून दाखवा. शंका असेल तर खाली लिहा किंवा कार्यालयात या.

आपला,
सचिव, संचालक मंडळाच्या वतीने