विश्लेषण : विमान सिम्युलेटरसाठी घरच्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

नांदेडच्या विमानतळावरून सेसना-१७२ उडवायचे आणि नाक सरळ उत्तरेकडे धरायचे. पंधरा-वीस मिनिटांत खाली कळमनुरी येते आणि पुढे उजव्या हाताला इसापूर धरणाचा जलाशय दिसू लागतो. हा प्रवास आता घरच्या संगणकावर करता येतो. मात्र त्यासाठीचे नवे सिम्युलेटर फार जड आहेत. अभ्यास, ऑनलाइन अर्ज आणि हिशेबासाठी घेतलेल्या संगणकावर ते सुरू केले, की चित्र अडखळू लागते आणि घरात ग्राफिक्स कार्डाची मागणी होते.

कार्ड हा संगणकातला बहुधा सर्वांत महाग भाग. शिवाय ऑनलाइन मागवलेले कार्ड बसले नाही, तर ते दाखवायला हिंगोली किंवा नांदेड गाठावे लागते. त्यामुळे कार्ड घ्यायचे की नाही, हे ठरवण्याआधी संगणकात नेमके काय अडते आहे, हे तपासणे महत्त्वाचे. ही तपासणी घरच्या घरी आणि फुकट होते.

हा सिम्युलेटर इतका जड का?

मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ संगणकासाठी पहिल्यांदा १९८२ मध्ये आला, तेव्हा जमीन म्हणजे काही रेषा होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीत मात्र संपूर्ण पृथ्वी आहे. बिंग नकाशांवरची उपग्रहचित्रे वापरून सुमारे १५० कोटी इमारती संगणकीय पद्धतीने उभ्या केल्या आहेत. नकाशांची ही माहिती दोन पेटाबाइटहून अधिक, म्हणजे वीस लाख जीबीच्या पुढे आहे. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि विमान जिथे असेल, तिथला भाग इंटरनेटवरून उतरतो. नोव्हेंबर २०२४ मधली नवी आवृत्ती तर आणखी मोठ्या प्रमाणात इंटरनेटवर अवलंबून आहे.

एकाच वेळी दोन कामे चालू असतात. विमानावरचा वारा, इंजिन, कॉकपिटमधली यंत्रे, आजूबाजूची विमाने आणि जमिनीवरच्या वस्तू यांचा हिशेब प्रोसेसर करतो. ढग, सावल्या, पाणी आणि प्रकाश रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसरने हिशेब दिल्याशिवाय कार्डाला पुढचे चित्र काढता येत नाही. त्यामुळे प्रोसेसर मागे पडला, तर महागडे कार्डही रिकामे बसून राहते.

किमान काय लागते?

२०२० च्या आवृत्तीसाठी कंपनीने सांगितलेली किमान गरज : इंटेल आय५-४४६० किंवा रायझन ३ १२०० प्रोसेसर, जीटीएक्स ७७० किंवा आरएक्स ५७० कार्ड, कार्डावर २ जीबी मेमरी, ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा.

त्याच आवृत्तीची शिफारस : आय५-८४०० किंवा रायझन ५ १५००एक्स, जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ५९०, कार्डावर ४ जीबी मेमरी आणि १६ जीबी रॅम.

२०२४ च्या आवृत्तीची किमान गरजच १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचे कार्ड अशी आहे. शिफारस ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीच्या कार्डाची आहे.

‘किमान’ याचा अर्थ सिम्युलेटर सुरू होईल, एवढाच. छान दिसेल असा नव्हे.

अडथळा कार्डाचा की प्रोसेसरचा?

संगणकात वेगळे कार्डच नसेल आणि प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर काम चालत असेल, तर कार्ड लागणार हे उघड आहे. जुने कार्ड असेल, तर ही चाचणी करावी.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सेटिंगमधून ‘डेव्हलपर मोड’ सुरू करून ‘डिस्प्ले एफपीएस’ निवडावे. कोपऱ्यात दर सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा, म्हणजे एफपीएस, दिसतो. त्याखाली अडथळा कुठे आहे तेही लिहून येते. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ आले तर कार्ड कमी पडते. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ आले तर प्रोसेसर कमी पडतो.

दुसरी पद्धत कोणत्याही सिम्युलेटरला लागू पडते. रिझोल्यूशन बरेच खाली आणावे. एफपीएस झपाट्याने वाढला, तर कार्डावर ताण होता. आकडा जवळपास तसाच राहिला, तर नव्या कार्डाने फारसा फरक पडणार नाही.

ही चाचणी दोन ठिकाणी करावी : एकदा इसापूरच्या जलाशयावर, एकदा मुंबईच्या विमानतळावर. मोकळ्या रानावर विमान सुरळीत उडते, पण मुंबईत उतरताना अडखळते आणि रिझोल्यूशन कमी करूनही सुधारत नाही, असे दिसले तर दोष प्रोसेसरकडे जातो.

एक सावधानता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३०-४० टक्केच दिसतो, म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये. सिम्युलेटरचे मुख्य काम प्रोसेसरच्या एका कोअरवर एकवटते. तो एक कोअर पूर्ण दमलेला आणि बाकीचे निवांत, असे चित्र असू शकते.

कार्डाआधी कोणते स्वस्त बदल करावेत?

रॅम : ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बसवावी. एकूण रॅम १६ जीबी होते आणि दोन पट्ट्या एकत्र चालल्याने प्रोसेसरला माहिती वेगाने मिळते.

एसएसडी : जुन्या हार्ड डिस्कवर सिम्युलेटर उघडायलाच बराच वेळ लागतो आणि उडताना मधूनमधून धक्के बसतात. एसएसडीने हे बरेच कमी होते.

सेटिंग : ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ आणि विमानतळावरची रहदारी कमी केली, की प्रोसेसर हलका होतो. ढग, सावल्या आणि ‘रेंडर स्केलिंग’ कमी केले, की कार्ड हलके होते. ‘टेक्स्चर’ कमी केले, की कार्डावरची मेमरी मोकळी होते.

अपेक्षाही वास्तवातल्या हव्यात. गोळीबाराच्या खेळात ६० किंवा १०० एफपीएस लागतात. विमान मात्र ३० एफपीएसवर आरामात उडवता येते, फक्त तो आकडा स्थिर हवा.

जुन्या संगणकात कोणतेही कार्ड बसते का?

नाही. कार्ड मागवण्याआधी कॅबिनेट उघडून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, एसएमपीएस. त्यावरच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. मदरबोर्डवरचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनची वेगळी वायर लागते. ऑफिसातून निघालेल्या अनेक जुन्या संगणकांत ती वायरच नसते.

दुसरी, जागा. छोट्या कॅबिनेटमध्ये निम्म्या उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्डच मावते. लांबीही टेपने मोजावी.

तिसरी, स्लॉटची पिढी. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्लॉटच्या सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग घसरतो. इंटेलची ‘आर्क’ कार्डेही जुन्या मदरबोर्डवर पूर्ण क्षमतेने चालत नाहीत.

चौथी, मॉनिटर. साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे कार्डाला चौपट काम. घरी फुल एचडी मॉनिटर असेल, तर फोर-केसाठीचे कार्ड घेण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड सहसा बदलता येत नाही. तिथे रॅम आणि एसएसडीपुरताच विचार करावा.

कोणते कार्ड पुरेसे?

छोटे कॅबिनेट, कमी वॅटचा एसएमपीएस : आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटवर चालते. त्याला वेगळी वायर लागत नाही आणि ते लो प्रोफाइलमध्येही मिळते. खोक्यावर ‘६ जीबी’ लिहिले आहे ना, हे पाहावे. त्याच नावाच्या ८ जीबीच्या कार्डाला जास्त वीज लागते.

चांगला एसएमपीएस, सहा कोअरचा प्रोसेसर : ८ जीबीचे आरएक्स ६६०० (१३२ वॅट) किंवा आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) फुल एचडीसाठी पुरते. आरटीएक्स ४०६० ला ५५० वॅटचा एसएमपीएस असावा, अशी कंपनीची शिफारस आहे.

चार कोअरचा दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर : इथे महाग कार्ड टाकू नये. तेच पैसे साठवून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आधी बदलणे शहाणपणाचे.

वापरलेले कार्ड स्वस्त मिळते, पण बिल आणि उरलेली वॉरंटी पाहूनच घ्यावे. शक्य असेल तर अर्धा तास सिम्युलेटर चालवून बघावे. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांसाठी नव्या खेळांचे नियमित ड्रायव्हर देणे एनव्हीडियाने थांबवले आहे, हेही लक्षात ठेवावे.

लाइट गेली तर? आणि उन्हाळ्यात?

बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. कार्ड बसवलेला संगणक मॉनिटरसह ३०० वॅटच्या घरात सहज जातो. लाइट गेली, की असा यूपीएस काही मिनिटेच साथ देतो किंवा भार न पेलल्याने लगेच बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल, तर तो ‘यूपीएस मोड’वर ठेवावा. नाहीतर वीज बदलतानाच्या क्षणभरात संगणक बंद होऊन सुरू होतो.

बिलाचा हिशेब सोपा आहे. ३०० वॅटचा संगणक रोज दोन तास चालला, तर महिन्याला सुमारे १८ युनिट होतात.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. कार्ड फार तापले, की ते स्वतःच वेग कमी करते आणि हिवाळ्यात छान उडणारे विमान उन्हाळ्यात अडखळते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे पंखा असावा आणि आतली धूळ दोन-तीन महिन्यांनी साफ करावी.

मोबाइलच्या डेटावर चालेल का?

अवघड आहे. २०२० च्या आवृत्तीला सांगितलेली १५० जीबी जागा भरेल एवढी माहिती रोज दीड जीबीच्या पॅकवर उतरवायची, तर शंभर दिवस लागतील. २० एमबीपीएसच्या फायबर लाइनवर तेच काम सुमारे १७ तासांत होते. उडतानाही २० एमबीपीएसचीच शिफारस आहे. २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान १० आणि शिफारस ५० एमबीपीएसची आहे. फायबर नसेल, तर कार्डावर पैसे घालण्याआधी याचा विचार व्हायला हवा. उपग्रहचित्रे उतरलीच नाहीत, तर इसापूरच्या परिसरात ओळखीचे रान दिसणार नाही.

पायलट होण्यासाठी याचा उपयोग होतो का?

मर्यादित. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी डीजीसीएच्या नियमांप्रमाणे २०० तासांचे उड्डाण लागते. घरच्या संगणकावरचे तास त्यात धरले जात नाहीत. ते तास गोंदियासारख्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतच भरावे लागतात आणि त्यांचा खर्च लाखांत जातो.

तरीही कॉकपिटमधली यंत्रे ओळखणे, तपासणी यादीचा क्रम, धावपट्टीकडे येण्याची दिशा आणि रेडिओवरची भाषा यांची सवय घरी होते. एवढा मोठा खर्च करण्याआधी मुलाला किंवा मुलीला या कामात खरोखर रस आहे का, हेही कळते. त्या सवयीसाठी महाग कार्डापेक्षा साधी जॉयस्टिक जास्त कामाची.

सुरुवात कुठून करावी?

‘फ्लाइटगिअर’ हा सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे. त्यात सेसना-१७२ आहे आणि तो साध्या संगणकावरही चालतो. ‘एक्स-प्लेन’चा मोफत डेमोही मिळतो. महिनाभर त्यावर हात बसवावा. त्यानंतरही ओढ टिकली, तर हा क्रम ठेवावा :

१. चाचणी करून अडथळा शोधावा.
२. रॅम १६ जीबी करावी, एसएसडी बसवावी.
३. इंटरनेटचा वेग आणि डेटाची मर्यादा पाहावी.
४. एसएमपीएस, जागा आणि प्रोसेसर पाहून कार्ड निवडावे.
५. कार्ड घेताना एसएमपीएस आणि यूपीएसचा खर्च त्याच हिशेबात धरावा.
६. बसले नाही तर परत घेण्याची अट दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी.