परळ-शीवची रुग्णालयं (लेखांक ९) : अंगावरचं दूध, परक्या बाळासाठी

अपुऱ्या दिवसांचं बाळ पेटीत का ठेवतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्याच्या पोटाचं बघू. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही, म्हणून दूध नळीवाटे द्यावं लागतं. किलोभर वजनाच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी जेमतेम एक-दोन मिलिलिटर. दिवसभराचं धरलं तरी फार तर चार-पाच चमचेच. पण ते दूध कुठलं, याला फार महत्त्व आहे. या बाळांच्या कच्च्या आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग सडण्याचा एक भयंकर आजार असतो. डब्यातल्या पावडरीच्या दुधावरच्या बाळांत तो जास्त दिसतो, आईच्या दुधावरच्या बाळांत कमी.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या सायन हॉस्पिटलात, नवजात शिशू विभागातल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. धारावीच्या शेजारचं महापालिकेचं रुग्णालय, गर्दी अफाट, आणि जंतुसंसर्गाने दगावणारी बाळं. त्यांनी विभागातून बाटली आणि वरचं दूध बाहेर काढलं, आयांना आत घेतलं, बाळाची देखभाल त्यांनाच शिकवली. तरी काही बाळं उरायचीच. कुणाची आई दुसऱ्या रुग्णालयात बेशुद्ध, कुणाची बाळंतपणातच गेलेली, कुणाला अजून पान्हाच फुटलेला नाही. त्यांच्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातली ही पहिली. जगातली पहिली व्हिएन्नात, १९०९ साली. पुढे परळच्या केईएमनेही अशी पेढी उभारली.

दुसरीचं दूध पाजणं आपल्याला नवं नाही. सईबाई आजारी होत्या, तेव्हा कापूरहोळच्या धाराऊने संभाजीराजांना पाजलं, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. चाळीत, वाडीत एकीचं बाळ दुसरीने पदराखाली घेणं सर्रास चालायचं. पेढीने त्यात भर घातली ती तपासणीची.

दूध देणारी बहुधा त्याच रुग्णालयातली बाळंतीण असते. आपल्या बाळाचं पोट भरून उरतं तेवढंच तिच्याकडून घेतात. आधी तिची संमती आणि आजारांची चौकशी, मग एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि सिफिलिससाठी रक्ततपासणी. तंबाखू खाणारीचं दूध घेत नाहीत, आणि मिश्रीही तंबाखूच, हे सासूबाईंना पटवताना परिचारिकांची दमछाक होते. दूध हाताने किंवा पंपाने काढतात, अनेकींचं एकत्र करतात, ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून झटकन गार करतात. नमुना जंतुतपासणीला जातो. निर्दोष ठरलं तरच उणे २० अंशांवर ठेवलेलं ते दूध बाळापर्यंत पोचतं. बाळ जरा मोठं झालं की नळी जाते आणि बोंडलं किंवा वाटी-चमचा येतो. बाटली मात्र नाही.

तापवण्याची किंमत मोजावी लागते. जंतू आणि विषाणू मरतात, तशा दुधातल्या जिवंत पेशीही मरतात, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांपैकी काही घटतात. म्हणून सख्ख्या आईचं ताजं दूध पहिलं, ते नसेल तर पेढीचं, आणि डबा त्यानंतर.

इथेच पेढीचं खरं काम सुरू होतं, आणि ते फ्रीजपाशी होत नाही. बाळ वरच्या मजल्यावर पेटीत, आई खाली खाटेवर, टाके दुखतायत, कुणी म्हणतं ‘हिला दूधच उतरलं नाही’. घरून हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू येतात. खाऊ द्या, बाळंतिणीला अन्न लागतंच. पण दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. विहिरीसारखंच, उपसलं की झरतं. बाळ ओढत नसेल तर दिवसातून आठेक वेळा, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने काढावं लागतं, आणि पहिला चीक थेंबभर आला तरी तो टाकायचा नसतो. बाळाला उघड्या छातीशी धरून बसवलं तर पान्हा लवकर येतो. हे सगळं खाटेशेजारी बसून, न रागावता, पुन्हा पुन्हा सांगणारं माणूस लागतं. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा केंद्रांना ‘स्तनपान व्यवस्थापन केंद्र’ म्हटलं ते याचसाठी. फीत कापून यंत्र बसवायचं आणि समुपदेशकाची जागा रिकामी ठेवायची, अशी पेढी मला तरी पेढी वाटत नाही.

देणाऱ्यांच्या मनात भीती असते: माझ्या बाळाला कमी पडेल, दृष्ट लागेल. दृष्टीचं मी काय सांगणार? पण आपल्या बाळाला पाजून झाल्यावर उरलेलं काढल्याने दूध आटत नाही. आणि आकडा पाहा: दोन तासांनी दोन मिलिलिटर, म्हणजे दिवसाला २४. एकीने दिलेल्या १०० मिलिलिटरमध्ये अशा चार बाळांचा दिवस निघतो.

या दुधाचे पैसे ना देणारीला मिळतात, ना घेणाऱ्याने मोजायचे. मधल्या काळात काहींनी मातेच्या दुधाचा धंदा मांडला होता. मे २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या विक्रीला परवानगी नसल्याचं पुन्हा स्पष्ट बजावलं.

गिरगाव, दादर, लालबागमध्ये कुणी ओली बाळंतीण असेल आणि छाती भरून येऊन दूध वाया जात असेल, तर आधी सायन किंवा केईएमच्या नवजात शिशू विभागात चौकशी करा. घरी काढलेलं चालतं का, कसं साठवायचं, कोणत्या भांड्यात, हे तिथूनच विचारून घ्या. गरोदरपणातल्या तपासण्यांचे कागद हाताशी ठेवा. व्हॉट्सअॅपवरच्या ओळखीतून न तपासलेलं दूध परस्पर देऊ नका आणि घेऊही नका.