तारखांची वही

ऑक्सिमीटर बोटाला लावला की आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाई हळूच बोलायची, "ताई, सुईची तारीख गेली माझी."

२०२० च्या सप्टेंबरात कोरोनाच्या घरोघर तपासणीची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमध्ये मी एका आरोग्यसेविकेबरोबर दारोदार फिरले. एका खोलीत सहा-सात माणसं, नवरा मार्चपासून घरीच, सासू उंबऱ्याशी बसलेली. अशात पाळीचं, गोळ्यांचं बोलायचं कुठे?

सुई म्हणजे 'अंतरा', गर्भनिरोधक इंजेक्शन. ती दर तीन महिन्यांनी घ्यायची, पण ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालते. म्हणून सेविकेच्या वहीत प्रत्येकीसमोर दोन तारखा होत्या, एक ठरलेली आणि एक शेवटची. "अजून नऊ दिवस आहेत. उद्याच दवाखान्यात ये. सुईची जागा चोळू नको, शेकू नको." शेवटचीही उलटली असेल तर आधी लघवीची तपासणी, तोवर निरोध.

टाळेबंदीच्या सुरुवातीला तांबी बसवणं आणि नसबंदीचं ऑपरेशन दोन्ही बंद होतं. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी मग 'छाया' घेतली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी, तिच्यात हार्मोन नाही. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार. एकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारांखाली पेन्सिलीने ठिपके दिले होते, इतके बारीक की मला दाखवल्यावरच दिसले.

ही वस्ती १९७६ ची. आणीबाणीत भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून माणसं इथे आणली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. म्हणून पालिकेची सेविका दारात येऊन "तुला काय हवंय?" असं आधी विचारते, हे मला फार मोलाचं वाटलं. उत्तर येईपर्यंत ती थांबायचीही, मागे रांगेत कितीही घरं असोत.

"गोळी नको, विसरते मी. सुईच दे," ऑक्सिमीटर लावलेली बाई म्हणाली.

ऑक्सिमीटरवर ९८ आलं. सेविकेने मोहिमेच्या फॉर्मवर ९८ लिहिलं आणि आपल्या वहीत दोन तारखा.